आवाज अनपेक्षितपणे जाड किंवा बारीक का असतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत वाचा-उपचाराचे काम करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्यांत मुलाचा आवाज ‘अजून फुटलाच नाही’ म्हणून काळजीत पडलेले आईवडील असतात, फोनवर रोज ‘सर’ ऐकावे लागणाऱ्या स्त्रिया असतात आणि चारचौघांत बोलायचे टाळता टाळता बोलणेच कमी करून बसलेले तरुणही असतात. बहुतेकांना आजार नसतो. त्यांना हवा असतो तो खुलासा, आणि तो त्यांना फार आधी मिळायला हवा होता असे मला दर वेळी वाटते.

आवाज ‘जाड’ किंवा ‘बारीक’ असतो म्हणजे नेमके काय?

गळ्यात पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या कंठमण्याच्या मागे स्वरयंत्र असते आणि त्यात दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असले तरी त्या दोऱ्या नव्हेत. स्नायूवर मऊ, ओलसर आवरण चढलेल्या त्या दोन घड्या आहेत. बोलताना त्या एकमेकींजवळ येतात, फुप्फुसांतून वर येणारी हवा त्यांना दूर लोटते, आणि त्यांची स्वतःची लवचीकता व वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे घटलेला दाब मिळून त्यांना पुन्हा जवळ आणतात. ही उघडझाप सेकंदाला १२० वेळा झाली, तर आवाजाची कंपनसंख्या १२० हर्ट्झ आहे असे म्हणतात आणि तो कानाला जाड लागतो. ती २२० वेळा झाली, तर तोच आवाज बारीक लागतो.

आवाजाची उंची आणि त्याचा मोठेपणा यांत मात्र गल्लत करू नये. शाहिराच्या आवाजाला आपण पहाडी म्हणतो, पण पोवाड्याची ललकारी तार सप्तकात असते, म्हणजे कंपनसंख्येने पाहिले तर ती चांगलीच उंच असते. तरी तिला कोणी बारीक म्हणत नाही, कारण तिच्यात जोर आणि भरणा असतो. घोगरा, चिरका, किनरा, भसाडा, खणखणीत हे आपले शब्द आवाजाच्या वेगवेगळ्या गुणांविषयी बोलतात, आणि तपासणीला आलेल्या माणसाने यांतला कोणता शब्द वापरला यावरूनही मला पुष्कळ कळते.

स्त्री-पुरुषांच्या आवाजात साधारण किती फरक असतो?

प्रौढ पुरुषाच्या बोलण्याची सरासरी कंपनसंख्या बहुधा १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असते आणि प्रौढ स्त्रीची १८० ते २२० च्या आसपास. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे रडणे ४०० ते ५०० हर्ट्झपर्यंत असते. ज्यांना पेटीची ओळख आहे त्यांच्यासाठी वेगळ्या प्रकारे सांगायचे, तर पुरुष गायक ज्या काळी एकमध्ये षड्ज लावतात तो सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि स्त्रिया ज्या काळी चारमध्ये गातात तो सुमारे २०८ चा. दोन्ही आकडे बोलण्याच्या आवाजापासून फार दूर नाहीत.

हे सरासरीचे आकडे आहेत आणि दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींत मिसळतात. १६५ ते १८० हर्ट्झच्या पट्ट्यात बोलणारे निरोगी पुरुषही असतात आणि निरोगी स्त्रियाही असतात.

चांगल्या उंच, धिप्पाड माणसाचा आवाज बारीक कसा काय असू शकतो?

मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर मिरजेत बनणाऱ्या तानपुऱ्यावरून उत्तम समजते. तानपुऱ्यात तार वेगळी आणि भोपळा वेगळा. सूर किती उंच लागेल हे तारेची लांबी, जाडी आणि ताण ठरवतात. त्या सुराला भरणा किती येईल हे भोपळा ठरवतो. माणसाच्या गळ्यात तारेचे काम स्वरतंतू करतात आणि भोपळ्याचे काम त्यांच्या वरची पोकळी करते, म्हणजे घसा, तोंड आणि नाक. ही पोकळी प्रौढ पुरुषात साधारण १७ सेंटिमीटर लांब असते आणि स्त्रियांत त्याहून दोन-तीन सेंटिमीटरने कमी.

पोकळीची लांबी बऱ्याच अंशी शरीराच्या उंचीबरोबर वाढते. स्वरतंतूंचे तसे नाही. स्वरयंत्राच्या कूर्चा, म्हणजे त्याचा सांगाडा असलेली लवचीक, मऊ हाडे, वयात येताना संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) हुकमाने वाढतात, आणि ती वाढ हातापायांच्या हाडांच्या वाढीशी बांधलेली नसते. म्हणून सहा फुटांच्या माणसाच्या गळ्यात तुलनेने आखूड, पातळ स्वरतंतू असू शकतात आणि पाच फुटांच्या माणसाच्या गळ्यात लांब व जाड. एकाच लिंगाच्या प्रौढ माणसांची तुलना केली, तर उंची आणि आवाजाची कंपनसंख्या यांचा संबंध अगदी क्षीण असतो. तरीही आपला कान देहाकडे पाहून आधीच एक अपेक्षा बांधून ठेवतो, आणि आवाज त्या अपेक्षेबाहेर निघाला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. बोलणाऱ्याला ते आश्चर्य दिसत असते, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

मोठ्या भोपळ्यावर बारीक तार, किंवा छोट्या भोपळ्यावर जाड तार, अशी ही जोडी असते. त्यात दोष काही नाही.

लांब स्वरतंतूंचा आवाज जाड, तर मग ताणून लांब केल्यावर आवाज चढतो कसा?

शंका रास्त आहे. लांबीसोबत वस्तुमान वाढले, तर कंपन मंदावते. पण आहे तीच घडी ताणली, तर ती पातळ होते, तिच्यातला ताण वाढतो, आणि ताणाचा परिणाम लांबीच्या परिणामावर मात करतो. तानपुऱ्याची खुंटी पिळल्यावर तार चढते, तसेच हे आहे. स्वरयंत्रात ही खुंटी पिळण्याचे काम एक छोटा स्नायू करतो, आणि प्रश्न विचारताना आपला आवाज वाक्याच्या शेवटी उंचावतो तो त्याच्याच कामामुळे.

मुलांचा आवाज ‘फुटतो’ तेव्हा आत काय घडते?

साधारण १२ ते १५ या वयात मुलग्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण वाढते, स्वरयंत्र भराभर मोठे होते आणि गळ्यात थोडे खालीही उतरते. पुढची कूर्चा टोकदार होते, तोच बाहेरून दिसणारा कंठमणी. स्वरतंतू लांबतात, जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक पूर्ण सप्तक खाली येतो. मुलींतही स्वरयंत्र वाढते, पण बेताने, आणि त्यांचा आवाज सुमारे तीन अर्धस्वरांनीच उतरतो. मधल्या काही महिन्यांत मुलाच्या मेंदूला जुन्या मापाच्या वाद्याची सवय असते आणि हातात नव्या मापाचे वाद्य येते, म्हणून बोलता बोलता आवाज मध्येच उडी मारतो. शाळेच्या वर्गात कविता म्हणताना असे झाले की सगळे हसतात, आणि तो मुलगा पुढे वर्षभर हात वर करत नाही.

हा बदल संप्रेरकांमुळेच होतो याचा इतिहासातला पुरावा मन विषण्ण करणारा आहे. युरोपात काही शतके गोड गळ्याच्या मुलांचे वयात येण्याआधीच वृषणच्छेदन करून त्यांचा बालस्वर टिकवला जात असे. त्या परंपरेतला आलेस्सांद्रो मोरेस्की हा गायक १९०२ आणि १९०४ मध्ये रोममध्ये ध्वनिमुद्रित झाला. प्रौढ माणसाची छाती आणि मुलाचे स्वरतंतू एकत्र आल्यावर कसा आवाज निघतो, हे त्या मुद्रणांत आजही ऐकता येते.

वय वीस झाले, दाढी-मिशा आल्या, तरी मुलाचा आवाज बारीकच आहे. हा आजार आहे का?

अशा मुलांपैकी पुष्कळांचे स्वरयंत्र पूर्ण वाढलेले असते. फक्त ते वाजवण्याची जुनी रीत सुटलेली नसते. स्वरतंतू ताणून, स्वरयंत्र वर खेचून धरून बोलायची बालपणीची सवय तशीच राहते, आणि या अवस्थेला प्युबरफोनिया म्हणतात. आवाज फुटताना झालेली चेष्टा, आवाज बदलेल याची भीती, घरातल्या बायकांच्याच बोलण्याचा कानावर असलेला ठसा अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. काही मुलांत कोणतेच कारण सापडत नाही आणि ते शोधत बसण्याची गरजही नसते.

एक मुलगा आठवतो. डोंबिवलीहून कॉलेजला येणारा, अभ्यासात हुशार. गाडीत त्याचा फोन वाजला की तो उचलत नसे, उतरल्यावर संदेश पाठवत असे. पहिल्या भेटीत माझ्या प्रश्नांची उत्तरे त्याच्या आईनेच दिली. मी त्याला फक्त खोकायला सांगितले. खोकल्याचा आवाज जाड, भरदार निघाला, आणि याचाच अर्थ वाद्य तयार होते. खोकल्याच्या शेपटीला ‘आ’ जोडायचा, मग घसा खाकरून ‘हं’ धरायचा, मग जांभई देत एकेक शब्द, अशा पायऱ्यांनी आम्ही गेलो. कंठमण्यावर बोटाने हलका दाब देऊन स्वरतंतू सैल करण्याची रीतही यात वापरतात, मात्र ती तज्ज्ञाच्या हातानेच व्हावी, घरी कोणी करून पाहू नये. जाड आवाज काही भेटींतच सापडला. तो आपलाच आहे हे मान्य करून आईसमोर, मित्रांसमोर, वर्गात वापरायला त्याला त्याहून बराच अधिक वेळ लागला, आणि माझ्या अनुभवात अवघड भाग बहुतेक वेळा हाच असतो.

बहुसंख्य मुलांना या उपचाराने गुण येतो. ज्यांना येत नाही अशा थोड्यांसाठी शस्त्रक्रिया आहे. जपानी शल्यविशारद नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये स्वरयंत्राच्या कूर्चेवरील शस्त्रक्रियांचे चार प्रकार मांडले. त्यांतला तिसरा प्रकार स्वरतंतू सैल करून आवाज खाली आणतो आणि चौथा ते ताणून आवाज वर नेतो.

मात्र दाढी-मिशा, अंगावरचे केस, शरीराची ठेवण यांपैकी काहीच वयानुसार आलेले नसेल, तर प्रश्न सवयीचा नसून संप्रेरकांच्या कमतरतेचा असू शकतो आणि आधी रक्ततपासणी व्हायला हवी. स्वरतंतूंवर जन्मतः खाच असणे, त्यांच्यामध्ये पातळ पडदा असणे, किंवा एक स्वरतंतू लुळा पडणे यांमुळेही आवाज बारीक व दमसास कमी होतो. म्हणून दुर्बिणीतून स्वरतंतू पाहिल्याशिवाय ‘सवय आहे’ असे म्हणू नये.

स्त्रीचा आवाज जाड का असतो?

पहिले आणि सर्वांत साधे उत्तर हे की तिचे स्वरतंतू लांब किंवा जाड आहेत, जसे कोणाचे नाक लांब असते. वयात आल्यापासून आवाज तसाच असेल आणि त्यात घोगरेपणा नसेल, तर तपासण्यासारखे काही नाही.

आवाज अलीकडे उतरला असेल, तर मात्र कारणे शोधावी लागतात. थायरॉइड मंदावला की स्वरतंतूंच्या आवरणात सूज येते आणि आवाज जड, खरखरीत होतो. सोबत थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे ही लक्षणे असतात. वर्षानुवर्षे धूम्रपान केल्याने आवरणाखाली द्रव साठून स्वरतंतू फुगतात, आणि अशा स्त्रीचा आवाज फोनवर हमखास पुरुषाचा समजला जातो. रजोनिवृत्तीनंतर आवाज थोडा खाली येणे नैसर्गिक आहे. शिक्षिका, भाजीवाल्या, शिकवणी घेणाऱ्या, भजनी मंडळात गाणाऱ्या अशा दिवसभर गळा वापरणाऱ्या स्त्रियांच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. तेव्हा आवाज जाड होण्यापेक्षा फाटतो आणि संध्याकाळपर्यंत बसतो.

एक इशारा विशेष काळजीने देते. व्यायामशाळांत स्नायू भरण्यासाठी दिली जाणारी पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने आणि गोळ्या स्त्रीचा आवाज खाली आणतात, आणि औषध थांबवले तरी तो पूर्ववत होईलच याचा भरवसा नसतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या विकारावर दिले जाणारे डॅनाझोल हे औषधही असा परिणाम करू शकते. ते चालू असताना आवाज बदलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

जाड आवाज आला म्हणजे सारे संपले असे वाटणाऱ्यांना मी किराणा घराण्याच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) ऐकायला सांगते. त्यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांतला आवाज उंच आणि बारीक आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो खाली उतरला, इतका की अनोळखी श्रोत्याला पुरुष गात आहे असे वाटावे. त्याच आवाजात त्या पुढे कित्येक दशके गायल्या.

समोरासमोर कोणी चुकत नाही, मग फोनवरच मला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ का म्हणतात?

समोर चेहरा, कपडे, हावभाव मदतीला असतात. फोनवर ते नसतात. शिवाय जुन्या पद्धतीचा दूरध्वनी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे नेतो, म्हणजे बोलण्याची मूळ कंपनसंख्या त्यातून जातच नाही. उरलेल्या वरच्या कंपनांवरून मेंदू ती अंदाजाने उभी करतो. आवाज दोन्ही पट्ट्यांच्या सीमेवरचा असेल, तर हा अंदाज चुकतो.

मराठीत एक सोय आहे. क्रियापदच सांगते. कुरिअरवाल्याने ‘सर’ म्हटल्यावर ‘हो, मीच बोलतेय’ एवढे म्हटले की तो स्वतःच सावरून घेतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेक स्त्रिया फोन उचलल्यावर पहिल्याच वाक्यात असे क्रियापद येईल याची काळजी घेतात, आणि ती सवय मला फार शहाणपणाची वाटते.

ध्वनिमुद्रणात माझाच आवाज मला पातळ का वाटतो?

स्वतःचा आवाज आपण हवेतून ऐकतो आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि हाडे खालची कंपने चांगली पोचवतात. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतला आवाज असतो. इतरांना ऐकू येतो तो तोच.

वय वाढल्यावर आवाज बदलतो का?

होय, आणि स्त्री-पुरुषांत उलट दिशांनी बदलतो. म्हातारपणी पुरुषाचे स्वरतंतू झिजून पातळ होतात आणि आवाज चढतो, थरथरतो. स्त्रीचा आवाज रजोनिवृत्तीनंतर उतरलेला असतो. म्हणून जुन्या चाळीत दाराआडून बोलणारे आजी आहेत की आजोबा, हे कधी कधी पटकन ओळखू येत नाही.

आवाजाची उंची सवयीने आणि समाजाच्या अपेक्षेनेही ठरते का?

काही प्रमाणात निश्चित ठरते. स्वरतंतू एक आवाका देतात. त्या आवाक्यात कोणत्या जागी बोलायचे ते आपण नकळत आजूबाजूच्यांकडून उचलतो. ऑस्ट्रेलियात १९४५ आणि १९९३ मधल्या तरुण स्त्रियांच्या ध्वनिमुद्रणांची तुलना झाली, तेव्हा सरासरी कंपनसंख्या २२९ वरून २०६ हर्ट्झवर आलेली आढळली. एवढ्या काळात गळ्याची घडण बदलत नाही. बदलली ती स्त्रीने कसे बोलावे याची कल्पना. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी तर शिक्षण घेऊन आपला आवाज खाली आणला होता.

आपल्याकडे नायिकेचा आवाज कसा असावा याची कल्पना लता मंगेशकरांच्या उंच, नितळ स्वराने कित्येक दशके घडवली. पण त्याआधी याच मराठी प्रेक्षकाने स्त्रीभूमिकांतल्या बालगंधर्वांना, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांना, डोक्यावर घेतले होते. पुरुषाच्या गळ्यातून आलेले नायिकेचे गाणे त्या प्रेक्षकाला परके वाटले नाही, यावरून कान किती शिकू शकतो हे कळते.

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचा आवाज संप्रेरकांनी बदलतो का?

टेस्टोस्टेरॉन घेतल्यास स्वरतंतू जाड होतात आणि काही महिन्यांत आवाज खाली येतो. हा बदल कायमचा असतो. उलट दिशेने तसे होत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक घेतल्याने एकदा जाड झालेले स्वरतंतू पुन्हा पातळ होत नाहीत, त्यामुळे पारलिंगी स्त्रियांना आवाजाचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि काही जणी शस्त्रक्रिया निवडतात. प्रशिक्षणात केवळ उंचीवर भर दिला तर आवाज कृत्रिम लागतो. तोंडातल्या पोकळीचा आकार, शब्दांची लय आणि वाक्याचे चढउतार यांवर तितकेच काम करावे लागते.

ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचे दूध यांनी आवाज जाड किंवा बारीक करता येतो का?

नाही. गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो आणि गिळताना स्वरयंत्र झाकले जाते, त्यामुळे मध असो की काढा, तो स्वरतंतूंवरून जात नाही. घशाला आराम वाटतो, तो खराच असतो, आणि तेवढ्यासाठी ते अवश्य घ्यावे. स्वरतंतूंना खरोखर उपयोगी पडते ते दिवसभर पुरेसे पाणी आणि गरम पाण्याची वाफ.

भारदस्त वाटावे म्हणून मुद्दाम जाड आवाजात बोलले तर चालते का?

अधूनमधून चालते. रोज आठ तास, आपल्या नैसर्गिक जागेच्या खाली गळा दाबून बोलले, तर आवाज खरखरतो आणि घसा दुखतो. मुलाखतीसाठी आलेल्या तरुणांना मी आवाज खाली नेण्याऐवजी वाक्ये सावकाश बोलायला आणि वाक्याचा शेवट श्वास संपण्याआधी करायला शिकवते. बहुतेकांना हवा असलेला भारदस्तपणा तेवढ्याने येतो.

डॉक्टरांकडे कधी जावे आणि मुंबईत कुठे?

सर्दी-खोकला गेल्यावरही घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, कोणतेही कारण नसताना आवाज एकाएकी चढला किंवा उतरला, गिळताना दुखू लागले, थुंकीत रक्त दिसले, मानेत गाठ लागली, किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर थांबू नये. तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये, कारण स्वरतंतूंचा कर्करोग आवाजातल्या बदलानेच लवकर लक्षात येतो आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या महापालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण संस्था आहे.

तपासणी दुखते का, आणि जाताना सोबत काय न्यावे?

बारीक दुर्बीण नाकातून किंवा तोंडातून घशापर्यंत नेतात, आधी बधिर करणारे औषध फवारतात, आणि काही मिनिटांत काम होते. मळमळल्यासारखे वाटते, पण दुखत नाही. स्ट्रोबोस्कोपी असेल तर लुकलुकत्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची उघडझाप पडद्यावर संथ लाटेसारखी दिसते, आणि पुष्कळ जण आपला आवाज असा प्रथमच डोळ्यांनी पाहतात.

सोबत चालू औषधांची यादी आणि थायरॉइडचा जुना अहवाल असल्यास तो न्यावा. त्याहून उपयोगी म्हणजे जुना आवाज. व्हॉट्सॲपवर दोन-तीन वर्षांपूर्वी कोणाला पाठवलेला आवाजी संदेश, लग्नाच्या चित्रफितीत बोललेली चार वाक्ये, जे सापडेल ते न्यावे. आवाज बदलला की पूर्वीपासूनच असा आहे, या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला आणि नातेवाईकांना अनेकदा वेगवेगळे आठवते. ध्वनिमुद्रण ऐकले की ते दोन मिनिटांत मिळते.